चोवीस तासांचा मास्तर

इथं मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. तोंडावर सतरा वर्षं ‘तुम्ही’ म्हटलं, ‘मास्तर’ म्हटलं, ते पुरे झालं. वयानं तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पण दुकान त्याचं, म्हणून तो मला अरे-तुरे करायचा आणि मी त्याला अहो-जाहो. वर पुन्हा मला हवालदार म्हणायचा. मी फौजेत गाडी चालवली आणि नाईक म्हणून बाहेर पडलो. पहिल्याच दिवशी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, “नाईक ऐकायला छोटं वाटतं यार. मी हवालदारच म्हणणार. प्रमोशन समज.” फौजेनं जे दिलं नाही ते यानं करोल बागेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या दिलं. मला ते कधी आवडलं नाही.

त्याचं काम गाड्यांचा रंग चमकवायचं. धुणारे वेगळे, ते गल्लोगल्ली बादली घेऊन बसलेले असतात. आमच्याकडे यायची ती गुडगावच्या उंच उंच सोसायट्यांतली गाडी. ड्रायव्हरनं रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून पुसून तिच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पाडलेले असायचे. सावलीत दिसत नाहीत. उन्हात काढली की मालकाचं तोंड उतरतं. “गिऱ्हाईक सावलीत बघतं, ऊन सगळं बघतं,” असं तो दिवसातून चार वेळा म्हणायचा, कुणी विचारलेलं नसताना.

त्याची गाडी नव्हती. मेट्रोनं यायचा, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी, आणि पिशवीत डब्याच्या जागी घरी धुतलेली मऊ फडकी घडी करून. डबा दुसऱ्या हातात. फडकी बायकोला धुवू द्यायचा नाही. दुकानात आला की शर्ट काढून उलटा घालायचा, म्हणजे बटणं पाठीवर. गाडीवर वाकताना बटण रंगाला लागू नये म्हणून. पाठीची बटणं लावायला मला बोलवायचा. मी फौजी माणूस, मोठमोठ्या साहेबांची दारं उघडली, पण कुणाची बटणं लावली नव्हती. ती लावली. दुपारी तो तसाच उलट्या शर्टानं पानवाल्याकडे जायचा. पानवाला विचारायचा, “मास्टरजी, आ रहे हो या जा रहे हो?” तो कधी हसला नाही. पान खायचा नाही, सिगारेट ओढायचा नाही. पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद तेवढा मागून आणायचा. तो बोटांवर चढवून, डोळे मिटून, धुतलेल्या बॉनेटवरून हात फिरवायचा. त्या कागदातून रंगावरची कचकच बोटांना दुप्पट कळते. हे खरं आहे, मी करून बघितलंय. पण डोळे मिटायची गरज नाही. ते त्याचं नाटक.

माझा पट्टा त्यानं पहिल्याच आठवड्यात काढायला लावला.

“पट्टा काढ.”

“पँट पडेल, मास्तर.”

“पडू दे. पँट पडली तर तुझी इज्जत जाईल. पट्ट्याचं बक्कल लागलं तर गाडीची जाईल.”

तेव्हापासून मी नाडीचा पायजमा घालून कामाला जायला लागलो. घरी बायको म्हणाली, ड्युटीला निघालात का झोपायला?

त्याचा जन्म दिल्लीतला, आजोबा नोकरीनिमित्त आलेले. मराठी बोलायचा, पण मधले मधले शब्द हिंदीतून उसने आणायचा. महाराष्ट्र त्यानं लग्नाकार्यापुरता बघितलेला. एकदा माझ्या गावची चार माणसं दिल्ली बघायला आली. त्यांना पानिपतला मराठे लढून पडले ती जागा, काला अंब, बघायची होती. मी सुटी मागितली तर म्हणाला, “मीपण येतो.” आला. माझे चुलते चपला काढून, हात जोडून उभे, डोळ्यांत पाणी. हा मागं हाताची घडी घालून.

“घाई नडली,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “घाई? मास्तर, उपाशीपोटी बसून राहिले ते. थांबले म्हणून मेले.”

“तू होतास तिथं?”

“तुम्ही होता?”

चुलते आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघायला लागले. परत येताना बसमध्ये तो खिडकीतून बाहेर बघत बसला आणि दिल्ली आल्यावर म्हणाला, “तरी पण घाईच.” त्याला शेवटचा शब्द आपला पाहिजे असायचा. मलाही. आमचं जमलं नाही ते यामुळंच, असं माझी बायको म्हणते. तिचं खरं असेल.

आता थांबण्याचं सांगतो, कारण त्याचं सगळं डोकं तिथं होतं. रंगावर आम्ही दोन थर द्यायचो. खाली सीलंट, वर वॅक्स. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पातळ औषध, ते उघड्या रंगाला धरून बसतं आणि महिनोन्महिने टिकतं. वॅक्स म्हणजे मेण. ते रंगाला खोली देतं, बघणारा हात लावायला जातो असं करतं, पण लवकर उडून जातं. म्हणून टिकणारं खाली आणि दिसणारं वर. काही लोक आधी मेण फासतात आणि त्यावर सीलंट. ते टिकत नाही, त्याला धरायला रंग सापडतच नाही. “तेल चोपडलेल्या अंगाला पट्टी चिकटते का?” असं तो विचारायचा. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा.

आणि सीलंट लावलं की चोवीस तास गाडीला हात नाही. आज दुपारी दोनला लावलं तर उद्या दुपारी दोननंतर वॅक्स. गिऱ्हाईक मंत्र्याचा मेहुणा असला तरी. ज्यानं सीलंट लावलं त्यानं खडूनं गाडीच्या पुढच्या चाकापाशी फरशीवर वेळ लिहायची. ती वेळ कुणी पुसायची नाही, दुसऱ्यानं लिहायची नाही. वॅक्स पूर्ण होऊन गाडी बाहेर गेली की लिहिणाराच पाय फिरवून पुसणार. दुकानात वही नव्हती, घड्याळ नव्हतं. जमिनीवरचा आकडा म्हणजे माणसाची जबान.

वॅक्स लावल्यावर ते सुकून पांढरं धुकं धरतं. मग मऊ फडक्यानं ते धुकं काढायचं, आणि शेवटी एकदा, अगदी हलक्या हातानं, पूर्ण गाडीवरून नवं फडकं फिरवायचं. याला आम्ही शेवटचा हात म्हणायचो. त्यातच सगळं दिसतं. तो हात तो कुणालाच देत नसे. नऊ वर्षं मी धुतलं, घासलं, पॉलिश केलं, सीलंट लावलं, वॅक्स लावलं, आणि शेवटच्या हाताला मला बाजूला व्हायला लावलं. “सरक, हवालदार.” नऊ वर्षं हे दोन शब्द ऐकले. मला दुसरं काही नको होतं. एक गाडी पाहिजे होती, जिच्यावर शेवटचा हात माझा असेल आणि तो बाजूला उभा राहून म्हणेल, बरोबर झालं.

ती गाडी आली. मी ज्या मेजरसाहेबांची जीप चालवायचो ते ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेले. त्यांची काळी गाडी. काळा रंग सगळ्यांत कठीण, त्यावर काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी कँटोन्मेंटमध्ये पलटणीच्या जुन्या लोकांचा कार्यक्रम होता, संध्याकाळचा. साहेब गाडीतून उतरले, मला बघून खांद्यावर हात ठेवला आणि मास्तरला म्हणाले, “ये गाड़ी मेरा नाईक करेगा. पूरी की पूरी.”

मी त्याच्याकडं बघितलं. “शेवटचा हातसुद्धा, मास्तर?”

त्यानं बॉनेटवर बोट ओढून धूळ बघितली. मग म्हणाला, “कर.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात नव्हता. मेहुणीचं लग्न होतं फरिदाबादला. मी एकट्यानं त्या गाडीचं पॉलिश संपवलं. इतकं जीव लावून मी घरच्या कुणासाठी काही केलं नसेल. दुपारी दोनला सीलंट लावून झालं. चाकापाशी खडूनं दोन लिहिले आणि शेडला कुलूप लावून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला साहेबांचा फोन. कार्यक्रम दुपारचा झाला, दहाला गाडी घ्यायला येतो. मी म्हटलं, जी सर. फौजेत याच्यापुढं दुसरं वाक्य नसतं. मास्तरला फोन करून विचारता आलं असतं. केला नाही. तो नाहीच म्हणाला असता. साहेब वॅक्सशिवाय गाडी घेऊन गेले असते आणि माझा शेवटचा हात गेला असता. मी आठ वाजता शेड उघडली. सीलंटला अठरा तास झाले होते. हात लावून बघितला, कोरडं, गुळगुळीत, काचेसारखं. मी ओल्या फडक्यानं फरशीवरचे दोन पुसले आणि तिथं आठ लिहिले. म्हणजे कालचे सकाळचे आठ. म्हणजे चोवीस तास पूर्ण. तो साडेनऊला येणार होता.

वॅक्स लावलं, सुकू दिलं, धुकं काढलं. मग नवं फडकं घेतलं आणि शेवटचा हात फिरवला. त्या वेळी शेडमध्ये मी आणि ती गाडी, दुसरं कुणी नाही. कसं झालं होतं हे मी सांगून उपयोग नाही. साहेब दहाला आले, मी गाडी उन्हात काढली, आणि साहेब पाच मिनिटं नुसते तिच्याभोवती फिरत होते. “कमाल कर दी, नाईक.” एवढं मिळालं.

तो तेव्हाच आला होता, अर्धा तास उशिरा. त्यानं गाडीकडं बघितलं. आत शेडमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात स्पिरिटची बाटली आणि दुसऱ्या हातात फडकं.

“सीलंट कधी लावलंस?”

“काल आठला, मास्तर.”

“बिल्कुल?”

“बिल्कुल.”

आता मला कळतं की मी काय केलं होतं. आमची फरशी वर्षानुवर्षांची काळी, तेलकट. आणि चाकापाशी वीतभर गोल स्वच्छ, धुतल्यासारखा, त्यात नवाकोरा आठ. आयुष्यभर पुसण्याचं काम करणारा माणूस. पुसायला बसलो की अर्धवट पुसता येत नाही मला.

त्यानं फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि साहेबांच्या देखत बॉनेटवरून खसाखसा फिरवलं. अर्धं बॉनेट. माझं वॅक्स निघालं, खालची चमक मेली. एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला पाटी. साहेब ओरडले, “ये क्या कर रहे हो?” तो म्हणाला, “सर, इसका हाथ कच्चा है. कल आइए, मैं करके दूँगा.” साहेबांना उद्यापर्यंत वेळ नव्हता. ते तशीच गाडी घेऊन निघाले. काच खाली करून मला म्हणाले, “तुमसे ये उम्मीद नहीं थी.” आणि त्या अर्ध्या बॉनेटनं ते माझ्या पलटणीच्या दारात गेले. तिथं मला ओळखणारी शंभर माणसं असतील. कुणी विचारलं असेल तर साहेबांनी माझं नाव सांगितलं असेल.

मी दुकान सोडलं नाही. लोकांना हे कळत नाही. सोडलं असतं तर सगळी गल्ली म्हणाली असती, हात कच्चा निघाला म्हणून काढला. मी दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. त्यानं मला रंगाला हात लावू दिला नाही. चाकं आणि काचा. आठ वर्षं मी चाकं आणि काचा केल्या. त्या आठ वर्षांत तो माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याच्याशी बोललो नाही. काही सांगायचं असलं तर तो गाडीला सांगायचा. “मागची काच राहिलीय,” असं तो गाडीकडं बघून म्हणायचा. मी पण गाडीलाच म्हणायचो, “झालीय मघाशीच. चष्मा लावा.” पाठीची बटणं मात्र मीच लावत होतो. तो पाठ करून उभा राहायचा आणि मी न बोलता लावायचो.

मधे गुडगावच्या एका गिऱ्हाईकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, चाचा, आमच्या सोसायटीच्या तळघरात जागा देतो, गाड्या देतो, तुम्ही स्वतःचं सुरू करा. मी नाही म्हटलं. कारण त्याला सांगितलं नाही. कारण एवढंच, की त्या अठरा तासांत काहीतरी कच्चं राहिलं असेल आणि ते मला हाताला कळलं नाही, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. ज्याला कच्चं-पक्कं कळत नाही त्यानं कशाला दुकान काढावं. तोंडानं मी कधी कबूल केलं नाही. पण चाक पुसताना रोज विचार यायचा.

मग ते वर्षानुवर्षं टिकणारं सिरॅमिकचं कोटिंग आलं, सगळे तिकडं पळाले. साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. दुकान बंद झालं. मी मुलाकडं गुडगावला राहायला आलो. मुलाची गाडी मीच करतो, खाली पार्किंगमध्ये. गेल्या वर्षी मुलगा सीलंट घेऊन आला, त्याच कंपनीचं, तीच बुटकी निळी बाटली. मी चौथी शिकलो. मराठी वाचतो, हिंदी वाचतो, इंग्रजी नाही. आणि कुणाला ‘वाचून दाखव’ म्हणायची मला सवय नाही. पण त्या दिवशी सून शेजारी उभी होती आणि तिनं आपणहून बाटली हातात घेतली. म्हणाली, “पप्पा, यावर लिहिलंय बारा तासांनी वॅक्स लावा.”

“किती?”

“बारा. ट्वेल्व्ह.”

मी तिला तीन वेळा वाचायला लावलं. तिला वाटलं मला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं त्याच्याकडं गेलो, बाटली खिशात घालून. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार वहिनींनी उघडलं. तो पलंगावर बसला होता, पाठीशी उशा. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, पण माझ्या पावलावरून ओळखलं. “हवालदार आला,” म्हणाला. किती वर्षांनी मला म्हणाला, गाडीला नाही. मी बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

“यावर बारा लिहिलंय,” मी म्हटलं. “माझे अठरा झाले होते.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“बारा. पहिल्यापासून माहीत आहे. बारा सांगितले तर लोक सहा तास थांबतात यार. चोवीस सांगितले म्हणून तू अठरा थांबलास.”

मी पलंगाच्या कडेवर बसलो. “म्हणजे माझं वॅक्स बरोबर लागलं होतं.”

“एक नंबर लागलं होतं. एवढं काळं मी कधी काढलं नाही.”

“मग साहेबांसमोर का उतरवलं?”

“खोटं बोललास म्हणून.”

हे मला कबूल होतं. हे मी पचवलं असतं. मी उठायला लागलो, तर त्यानं अंदाजानं हात पुढं करून माझं मनगट पकडलं. म्हणाला, “थांब. अर्धंच सांगितलं. खोट्याबद्दल मी तुला आत नेऊनही बोललो असतो. साहेबांसमोर केलं ते वेगळ्यासाठी. ती गाडी उन्हात बघितली ना, तेव्हा कळलं, हा आता राहत नाही. स्वतःचं काढेल. दुकान तुझ्या हातावर चाललं होतं, हवालदार. मी नुसता शेवटचा हात फिरवत होतो.”

“म्हणून कच्चा म्हणालात.”

“म्हणून म्हणालो. राहिलास की नाही?”

राहिलो. आठ वर्षं. चाकं आणि काचा.

तो माझ्याकडं तोंड करून बसला होता. काहीतरी ऐकायची वाट बघत होता. माफ केलं म्हणतोय का, असं असेल. मी मनगट सोडवून घेतलं, बाटली उचलली आणि चपला घातल्या. सहा महिन्यांनी तो गेल्याचा फोन आला. तेव्हाही मी गेलो नाही. गल्लीतल्या लोकांनी नावं ठेवली, सतरा वर्षं मीठ खाल्लं म्हणाले. ठेवू देत. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. पण ज्यांच्यासमोर ते ऐकायला हवं होतं ते साहेब तोवर वारले होते. आणि त्या दिवशी त्याच्या घरात दुसरं माणूस होतं ते एकच, वहिनी. त्या स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांचा मिक्सर चालू होता.